सटीच्या संध्याकाळची रेंज

सत्यवतीबाईंच्या घरात उघडं म्हणून काही राहत नसे. टीव्हीवर भरतकामाचं कापड, मिक्सरवर जुन्या साडीची पिशवी, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा झालर लावलेलं झबलं. हळर्ण गावातल्या बायका तोंडावर कौतुक करत आणि पाठीमागे म्हणत, ही बाई एक दिवस म्हशीलाही झबलं शिवेल. त्यामुळे धाकट्या परेशने वायफायची ती काळी डबी आणून बाहेरच्या खोलीत उंच फळीवर ठेवली आणि आठवड्याभरात तिच्यावरही क्रोशाचं पांढरं टोपरं चढलं, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. आज मात्र वाटायला हवं होतं. आज ते टोपरं चांगलंच फुगलं होतं. पण रोजच्या वस्तूकडे मान वर करून बघतो कोण?

टोपऱ्याखाली पितळेचा टोप होता. सत्यवतीबाईंच्या माहेरून आलेला, रोजची पेज शिजवायचा, उचलताना मनगट दुखावं इतका जड. सकाळी परेश पेडण्याला कामावर गेल्यावर त्या खुर्चीवर चढल्या, डबीची दोन शिंगं आडवी केली आणि टोप तिच्यावर पालथा घातला. तार तेवढी काठाखालून बाहेर सोडली. वर टोपरं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण आज सटी होती. थोरल्या योगेशची मुलगी जन्मून आज सहावा दिवस. सटी येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते, ते काही कोणाला टळत नाही. पण तिच्या आधी दुसरं कोणी येऊ नये, याची काळजी घरच्यांनी घ्यायची असते. बाळाला बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा ओलांडू द्यायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही. सत्यवतीबाईंनी खिडकीचं जनेल बंद करून फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, उशाला कोयता ठेवला होता, दाराला कडुनिंबाचे टहाळे बांधले होते. सगळे वारे अडले. एकच उरला होता. शेजारच्या सुविधाने परवा मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता, त्यातला कोट घातलेला माणूस सांगत होता की वायफायच्या लहरी भिंतीतून आरपार जातात आणि तान्ह्या बाळाच्या टाळूला बाधतात. आरपार! वारा कोयत्याला भिईल, या लहरींना कोयता काय ठाऊक?

फोनवरचं बोलणं खांबावरून तारेने येतं, हे त्यांनी केबलवाला तार ओढत होता तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तार मोकळी म्हणजे बोलणं मोकळं. टोप अडवणार तो फक्त लहरींना. हिशेब चोख होता. चुकीचा होता, पण चोख होता.

आणि बोलणं तर आज यायलाच हवं होतं. योगेश मालवाहू बोटीवर होता. मुलगी झाली तेव्हा बोट भर समुद्रात, ना फोन ना फोटो. काल कुठल्याशा परक्या बंदराबाहेर नांगर पडला तेव्हा त्याला कळलं की आपण बाप झालो. त्याचा निरोप आला होता तो असा: बोट उद्या संध्याकाळी सुटते. सुटताना कप्तान सगळ्यांचे फोन जमा करणार, कारण पुढचा समुद्र धोक्याचा. धोक्याचा म्हणजे काय ते सत्यवतीबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या बाजूने जाणाऱ्या बोटींवर हल्ले होत होते, जळत्या बोटी टीव्हीवर दाखवत होते. टीव्हीवर त्यांनी कापड टाकलं होतं ते नुसतं धुळीसाठी नव्हे. निरोपाच्या शेवटी योगेशने लिहिलं होतं, ‘फोटो नाका. चेडूं हालताना बघूक जाय. एकदा.’

लेकीला हलताना बघायचं, तेही एकदाच. हे ‘एकदा’ सकाळपासून घरभर फिरत होतं.

दुपार कलली तसा फोन वाजला. गौरवीने, योगेशच्या बायकोने, आतल्या खोलीतून हाक मारली, "आई! तेंचो फोन!" सत्यवतीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. गौरवीने बाळ मांडीवर घेऊन फोन समोर धरला होता. पडद्यावर योगेशचं कपाळ आलं, मग चौकोन चौकोन झाले, मग नुसता आवाज: "गौर... चेडूं खं... दिस..." आणि तुटलं. परत वाजला, परत तुटला. तिसऱ्यांदा वाजलाच नाही.

"काल तर खोलीत दोन काड्यो येयत होत्यो," गौरवी म्हणाली. "आज एकय ना."

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून परेश तेवढ्यात घरी आला होता. त्याने चप्पलही न काढता डबीचं भिंतीवरचं बटण बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं. या डबीवर घरात कोणाचाच भरवसा नव्हता, हेच सत्यवतीबाईंच्या पथ्यावर पडलं. स्वस्तातली म्हणून परेशने ऑनलाइन मागवलेली. पहिल्या दिवसापासून ती कधी तापायची, कधी रुसायची, तिचं नाव निघालं की परेशचा चेहरा पडायचा. आता तर तो बटणापाशी उभा राहून तिला शिव्या घालत होता. वर टोपऱ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"वैनी, माजीच चूक," तो आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला. "जरा म्हाग घेतलेलो आसतो तर ही पाळी येवची नाय."

गौरवी बिचारी कोणाला बोल लावणार? तिची आई जाऊन चार वर्षं झालेली, माहेरी बाळंतपण करणारं कोणी नाही, नवरा समुद्रात. सासूच्या खोलीत, सासूच्या रीतीने ती सहा दिवस बसली होती आणि एका शब्दाने कुरकुरली नव्हती. आणि घर असं खळग्यात की मोबाइलची रेंज हवी तर गावच्या जुन्या किल्ल्याच्या वाटेने टेकाड चढावं लागे. ओली बाळंतीण आणि सहा दिवसांचं बाळ टेकाडावर! तिने तसं सुचवलंही नाही. फक्त एकदा म्हणाली, "आई, बाळाक घेऊन भायल्या खोलीत तरी येऊ? डब्याकडेन?"

"आज सटी गो," सत्यवतीबाई म्हणाल्या. "आज उंबरठो ओलांडूंचो नाय."

बाहेरच्या खोलीत सत्यवतीबाई सटीच्या पूजेचं मांडायला बसल्या. पाट, तांदूळ, विड्याची पानं, सटीला लिहायला कोरा कागद. परेश खुर्चीत बसून मोबाइल चोळत होता. त्याच्या फोनवर अक्षरं कशीबशी येत होती, मुंगीच्या पावलांनी. फोटो येतच नव्हते.

"ही डबी घेतलेल्या लोकांनी काय काय लिवलां ता पळयतंय," तो म्हणाला. "कोणाक तरी उपाय गावलो आसतलो." आणि मोठ्याने वाचू लागला. "‘पैशाच्या मानाने ठीक. हॉलमध्ये घोडा, स्वयंपाकघरात गाढव.’ चार तारे. ‘दुपारी तापतो. मांजर त्याच्यावरच झोपते. मांजर खूश, आम्ही नाही.’ दोन तारे. ‘डिलिव्हरी वेळेवर. वस्तू अजून उघडलेली नाही.’ पाच तारे! अरे मेल्या, मगे तारे कसले, खोक्याचे?"

एरवी सत्यवतीबाई हसल्या असत्या. आतून गौरवीही हसली असती. परेश पुढे सरकला. "‘माशांच्या काचपेटीच्या मागे ठेवला तर रेंज जाते.’ आमच्याकडेन मासे कढयेत आसतत, पेटयेत नाय. ही आयक आता. ‘पहिल्या दिवसापासून रेंज नाही म्हणून मी एक तारा दिला होता. नंतर कळलं, धूळ बसू नये म्हणून आईने तो पत्र्याच्या कपाटात ठेवला होता. बाहेर काढला, सुरळीत चालतो. चूक वस्तूची नव्हती. आई रुसली आहे.’ पाच तारे."

परेश हसला आणि पुढचं वाचू लागला. सत्यवतीबाईंच्या हातातले तांदूळ पाटावर न पडता जमिनीवर पडले.

पत्र्याचं कपाट. म्हणजे धातू. म्हणजे बोलणं काही नुसतं तारेने येत नव्हतं. तार डबीपर्यंत, आणि डबीपासून पुढे लहरी. ज्या लहरींना त्यांनी टोपाखाली कोंडलं होतं, त्यांच्यावरच बसून त्यांचा मुलगा घरात येणार होता. खाई त्याला खवखवे. त्यांची नजर आपोआप फळीकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली.

"हंय काय उपाय नाय," परेश उठला. "मी वयर टेकाडार जावन कंपनीक फोन करतंय. आणि योगेशाक कळयतंय, परत फोन कर म्हणान." तो गेला. त्याच्या स्कूटरचा आवाज चढणीवर कमी कमी होत गेला.

आता घरात फक्त त्या, गौरवी आणि बाळ. टोप काढून टाकायला याहून चांगली वेळ नव्हती. कोणाला कळलंही नसतं. सत्यवतीबाई खुर्चीवर चढल्या. टोपऱ्याला हात घातला. बोटांना पितळ गार लागलं.

आत बाळ शिंकलं.

एकदाच, एवढीशी शिंक. पण सत्यवतीबाई खाली उतरून खुर्चीवरच बसल्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी अशीच एक शिंक त्यांनी ऐकली होती. तेव्हा त्या स्वतः गौरवीपेक्षाही लहान होत्या. योगेशच्या आधी एक मुलगा होता. सटीच्या दिवशी बाळाजवळ जागायचं असतं, आणि त्या शिंकेनंतर त्यांना झोप लागली. जाग आली तेव्हा जनेल बोटभर उघडं होतं आणि बाळ गार होतं. डॉक्टरने काहीतरी वेगळंच कारण सांगितलं. सासू म्हणाली, वारा लागला. सासूचंच त्यांना खरं वाटलं, कारण त्यात चूक कोणाची ते ठरत होतं. तेव्हापासून या घरात त्या मुलाचं नाव निघालं नव्हतं. नाव ठेवायलाच तो राहिला नव्हता.

एका हाताला नात, एका हाताला मुलगा. टोप ठेवला तर योगेश आपली मुलगी न बघताच त्या जळत्या समुद्रात जाणार. टोप काढला आणि बाळाला काही झालं, तर? त्या देवाला विचारू म्हणाल्या, तर घरात सोयर, देवही बंद. माणसाने कोणाला विचारावं?

त्या तशाच बसून राहिल्या आणि परेश धापा टाकत परत आला.

"योगेशाचो मेसेज आयलो! दिवेलागणीक बोट सुटता, तेच्या आधी एकदा फोन करतलो. आता करतलोच!" तो खुर्ची ओढू लागला. "आणि कंपनीची बाय म्हणता, डब्यार खंयचो दिवो पेटता तो बघा. तांबडो काय हिरवो. उठ आई, माका वयर चढूक दी."

सत्यवतीबाई उठल्या नाहीत.

"आई, उठ गो! येळ ना!"

"रांव," त्या म्हणाल्या. "मी काढतंय." आणि चोरी पकडली जाण्याआधी आपणच कबूल व्हावं तशा त्या वर चढल्या, टोपरं उचललं, आणि टोप दोन्ही हातांनी पोटाशी धरून खाली उतरल्या.

परेश बघतच राहिला. आधी टोपाकडे, मग आईकडे. "पेजेचो टोप?" तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चढला. "सकाळधरून हो टोप वयर आसा? तो थंय जीव मुठयेत घेऊन बसलासा आणि तू हंय डब्यार टोप घालून पूजा मांडतंस? कित्याक, आई? कित्याक?"

"लहरी," सत्यवतीबाई म्हणाल्या. "बाळाक बाधतत म्हणान." मग त्यांनी जे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते परेशला नव्हे, आतल्या खोलीच्या दाराकडे बघत सांगितलं. "गौरवी, माजो एक सटीक गेलो. माका न्हीद लागली म्हणान गेलो. माका तुज्या बाळाचा भंय दिसता गो. दुसरा काय नाय."

परेशला हे ठाऊक नव्हतं. सत्यवतीबाईंना वाटलं, आता ही पोर रागाने रडेल, आणि तिने रडावंच. पण गौरवी म्हणाली, "आई, तुमी हंय येया. माज्या लागी बसा. माकाय भंय दिसता. पण तेंका बाळ बघूंदी."

आणि फोन वाजला.

परेशने डबीची शिंगं उभी केली. सत्यवतीबाई टोप तसाच हातात घेऊन आतल्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत गेल्या, आणि आत न जाता तिथेच, दाराच्या बरोबर मधोमध, फतकल मारून बसल्या. तोंड बाहेर, फळीवरच्या डबीकडे. पाठ बाळाकडे. टोप छातीशी. भिंतीचं त्यांना काही करता येत नव्हतं. पण दारातून जे काय यायचं ते आधी त्यांना लागून मगच बाळाकडे जाईल, एवढं तर करता येत होतं.

त्या तशा बसल्या आणि गौरवीच्या फोनवरची एक काडी कमी झाली. तिने ते पाहिलं. पण उरलेल्या काड्या पुरत होत्या, आणि सासूला न उठवता तिने फोन उचलला.

"गौरवी?" योगेशचा आवाज स्वच्छ आला, इतका स्वच्छ की तो ओसरीवर उभा राहून बोलतोय असं वाटावं. "अगो... ही? हीच?" आणि मग बराच वेळ तो नुसता श्वास घेत होता. बाळाने जांभई दिली असावी, कारण तो हसला, मूठ उघडली असावी, कारण तो म्हणाला, "बोटां बघ तिची, आईचीच." गौरवी रडत होती आणि हसत होती. परेश भिंतीला टेकून उभा होता आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होता. सत्यवतीबाई समोरच्या डबीवरचा हिरवा दिवा बघत होत्या. तो लुकलुकला की त्यांचा श्वास थांबे.

"आई खंय?" योगेशने विचारलं.

गौरवीने फोन दाराकडे फिरवला.

"आई? ही पाठ कित्याक करून बसल्या? आई, तोंड दाखय मगो."

सत्यवतीबाईंनी टोप घट्ट धरला. वळायचं म्हणजे दार मोकळं सोडायचं. "तू बाळाक पळय रे," त्या डबीकडे बघतच म्हणाल्या. "माजा तोंड काय बदलूक ना."

"आई, एकदा."

परत तेच, एकदा. मागे कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला, लांब, जाडा. कोणीतरी परक्या भाषेत ओरडलं. "येतंय हां," योगेश म्हणाला. लहानपणापासून घरातून निघताना म्हणायचा तसंच. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. त्या शब्दासरशी सत्यवतीबाई वळल्या. टोप, लहरी, सटी, सगळं विसरून वळल्या.

पडद्यावर त्याचा चेहरा होता. अर्धा वळलेला, कुणाच्या तरी हाकेला ओ देताना थिजलेला. त्या बघत राहिल्या तरी तो हलेना.

"तुटलो," परेश हळूच म्हणाला.

सत्यवतीबाईंनी परत तोंड फिरवलं. एवढासा चेहरा, आणि तोही आपण वेळेवर दाखवला नाही. हसतमुखाने पाठवायचं सोडून पाठ दाखवली. मुलगा मरणाच्या वाटेवर निघाला आणि आईने पाठ दाखवली. त्यांना वाटलं, या हातांना आज सकाळपासून काही म्हणजे काही नीट जमलेलं नाही.

बाहेर दिवेलागण झाली. पूजा करायची होती, समई पेटवायची होती, आणि कोणी जागचं हललं नाही. तेवढ्यात गौरवीचा फोन किणकिणला. तिने ते आधी मनाशी वाचलं.

"काय गो?" परेशने विचारलं. "तेचोच?"

"फोन जमा करूच्या आधी धाडल्यान." गौरवीने सासूच्या पाठीकडे बघत वाचलं. "‘आईक सांग, पाठ दिसली. इस्कोलाच्या वाटेर दिसायची तशीच. माका पुरो.’"

किल्ल्याच्या अंगाची ती शाळेची वाट. पावसाळ्यात तिथे विषारी फुरशी निघत. सत्यवतीबाई काठी आपटत पुढे, आणि मागे योगेश, त्याच्या मागे छोटा परेश. "माज्या पाठीकडेन नदर ठेवा," त्या मागे न बघता बजावत. "पाठ दिसता तवसर भिऊचा नाय." शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्या एकदाही वळत नसत.

"परत वाच," सत्यवतीबाई म्हणाल्या. आणि उंबरठ्यावरून न हलता, पाठ तशीच बाळाकडे ठेवून, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.